सोवळ्यातले किडे

आमच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे एक छोटी प्लास्टिकची डबी असते. तिच्यात खसखशीएवढी करडी अंडी असतात. पहिल्यांदा आमच्याकडे येणाऱ्यांना मी हे आधीच सांगून ठेवते, कारण एकदा एका मैत्रिणीने खरंच खसखस समजून डबी बाहेर काढली होती. ही अंडी रेशमाच्या अळ्यांची. अळ्या टिल्लूसाठी. आणि टिल्लू म्हणजे आमच्या लेकीचा बिअर्डेड ड्रॅगन, मूळचा ऑस्ट्रेलियातला, दाढी फुगवणारा, वीतभर अंग आणि वीतभर शेपटी असलेला सरडा. (नातेवाईक मंडळींनी इथे "शी" म्हणून घ्यावं आणि पुढे वाचावं.)

परवा मावशीचा फोन आला. तिला कुणीतरी सांगितलं की आम्ही घरात किडे वाढवतो आणि ते सरड्याला घालतो. मावशी म्हणाली, "अगं, तुम्ही तर अंडंसुद्धा खात नाही. मग हे पाप कशाला घरात?" प्रश्न साधा होता, पण मला फोनवर धड उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. किडे खाणारा प्राणी पाळायचा असेल तर त्याचं खाणं निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने अंड्यापासून वाढवावं. ते जमणार नसेल तर तो प्राणी पाळू नये.

आता हे मत कुठून आलं ते सांगते. त्यात आमची चूक आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

टिल्लू घरी आला 2022 च्या हिवाळ्यात, लेकीच्या नवव्या वाढदिवसाला. आम्ही न्यू जर्सीत राहतो. कुत्र्याची परवानगी इमारतीत नाही, मांजराने नवऱ्याला शिंका येतात. सरडा शांत, केस नाहीत, वास नाही, आणि मुख्य म्हणजे "तो पालेभाज्यापण खातो" असं आम्ही कुठेतरी वाचलेलं. या "पण"कडे आम्ही सोयीस्कर दुर्लक्ष केलं. मोठा झालेला बिअर्डेड ड्रॅगन बराचसा पाला खातो हे खरं. पण वाढत्या वयात त्याचं मुख्य खाणं किडेच असतात. आम्हाला मात्र वाटलं, आपल्या घरात आलाय, आपल्यासारखा राहील. त्याला पालक दिला, कोथिंबीर दिली, गाजर किसून दिलं. ऊन मिळावं म्हणून त्याची काचपेटी खिडकीशी ठेवली. आम्हाला आमचंच कौतुक वाटत होतं. सरड्यालासुद्धा शाकाहारी केला की नाही!

तीन महिन्यांनी टिल्लूचे पाय थरथरायला लागले. चालताना पोट जमिनीला घासायचं. डॉक्टरांनी जबडा दाबून पाहिला, तर तो रबरासारखा मऊ लागला. हाडांतलं कॅल्शियम कमी झालं होतं. बाईंनी ओरडा वगैरे काही केला नाही, शांतपणे समजावून सांगितलं. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही. खिडकीच्या काचेतून ऊन येतं, पण त्यातले यूव्हीबी किरण काच अडवते, आणि त्या किरणांशिवाय सरड्याच्या अंगात डी जीवनसत्त्व तयार होत नाही. त्याला खास नळी लागते, आणि ती दिसायला पेटत असली तरी ठरावीक महिन्यांनी बदलावी लागते. आणि किडे हवेत, कॅल्शियमची पूड लावलेले, रोज. वाढत्या जिवाला प्रथिनं कुठून मिळणार?

गाडीत लेक मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आई, आपल्याला किडे मारायचे नव्हते म्हणून आपण टिल्लूला मारत होतो ना?"

यावर मी काय बोलणार? गप्प बसले. पण तेव्हापासून "आमचं घर शाकाहारी" हे वाक्य मी जरा जपून वापरते. आपलं सोवळं आपल्या ताटापुरतं असतं. दुसऱ्याच्या पोटावर ते चढवलं की त्याचा सोस होतो.

मग सुरू झालं किडेपर्व. आधी दुकानातले क्रिकेट, म्हणजे आपले रातकिडे. डबीत पन्नास. दहा मरायचे, पाच पळायचे. एक महाभाग देवघरामागे जाऊन राहिला आणि आठवडाभर रात्री अकरा वाजता त्याचं भजन सुरू व्हायचं. शिवाय न खाल्लेले रातकिडे पेटीत राहिले तर झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात. पण मला खटकत होतं ते वेगळंच. डबी दुकानातून आणायची, डोळे बारीक करून पेटीत उलटी करायची आणि दुसऱ्या खोलीत निघून जायचं. लेकही तेच करायला लागली. आमच्या घरात रोज दहा-पंधरा जीव जात होते आणि त्यांच्याकडे बघणारं कुणी नव्हतं.

रेशमाच्या अळ्यांचं नाव डॉक्टरबाईंनीच सुचवलं. अंग मऊ, पाण्याचं प्रमाण भरपूर, चरबी कमी, चावत नाहीत, ओरडत नाहीत, पळतही नाहीत. (विकणारे सांगतात तसा त्यांच्यात कॅल्शियमचा खजिना मात्र नसतो. बहुतेक किड्यांसारखं यांच्यातही फॉस्फरसच जास्त. पूड लावावीच लागते. आणि नुसत्या त्यांच्यावरही ठेवायचं नाही, आलटून पालटून द्यायचं.) अंडी टपालाने मिळतात. आम्ही दोनशे मागवली.

आता करायचं काय ते थोडक्यात सांगते, कारण दोन-तीन ब्लॉगर मित्रांनी विचारलंय. अंडी साधारण 26-28 अंश तापमानात ठेवायची. दहा ते चौदा दिवसांत अळ्या निघतात, तीन मिलिमीटरच्या, काळ्या, जणू कुणी बारीक केस कापून टाकलेत. त्यांना बोटाने उचलायचं नाही, मऊ ब्रशने सरकवायचं. खाणं एकच, तुतीचा पाला. पाला नसेल तर तुतीच्या पानांच्या पुडीचं तयार पीठ मिळतं. ते पाण्यात कालवून मायक्रोवेव्हमध्ये उकड काढतो तसं शिजवायचं, गार झालं की वडी पडते, ती किसून घालायची. हात धुतल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही. डब्यात घाम साठला की बुरशी, आणि बुरशी आली की सगळं संपलं. आमची पहिली खेप अशीच गेली. दोनशेपैकी हाताला लागल्या एकतीस.

तेव्हा कामी आले बीडकडचे भावजी, म्हणजे नवऱ्याचे मामेभाऊ. दुष्काळी भागातल्या बऱ्याच शेतकऱ्यांसारखी त्यांनीही काही वर्षांपूर्वी एक एकर तुती लावली. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरच्या बाजारात जावं लागायचं. 2018 मध्ये जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि तो प्रवास वाचला. मी व्हिडिओ कॉलवर त्यांना माझा डबा दाखवला. ते हसू दाबत म्हणाले, "वहिनी, एवढ्या अळ्या तर आमच्याकडं झाडलोटीत जात्यात." पण मग मास्तर होऊन सगळं शिकवलं. कोवळ्या वयाच्या संगोपनाला चॉकी म्हणतात. तेव्हा कोवळीच पानं द्यायची, बारीक चिरून. ओलं पान कधीच नाही. अळी डोकं वर करून स्तब्ध बसली की ती कात टाकणार आहे. तेव्हा पाला बंद, हलवाहलव बंद. अशी चार वेळा कात टाकते. शेवटच्या आठवड्यात ती जे खाते ते आधीच्या सगळ्या आयुष्याहून कितीतरी जास्त असतं. रात्री घर शांत झालं की डब्यातून पाऊस पडल्यासारखा कुरकुर आवाज येतो. साधारण महिन्याभरात त्या केसाच्या तुकड्याची बोटाएवढी पांढरी, गार, मखमली अळी होते आणि वजन दहा हजार पटींच्या आसपास वाढलेलं असतं.

तुती शोधायला मला वाटलं होतं तेवढा त्रास पडला नाही. ज्या देशात मी आयुष्यभर रेशमाचा विचार केला नाही, त्या देशात हे झाड रानोमाळ आहे, आणि तेही रेशमापायीच. आमच्यापासून अर्ध्या तासावर पॅटरसन आहे, ज्याला एके काळी रेशीमनगरी म्हणायचे. तिथल्या गिरण्यांत सूत बाहेरदेशाहून यायचं. पण इथेच अळ्या पाळून श्रीमंत होऊ, असं वेडही या लोकांना लागलं होतं. 1830 च्या दशकात तुतीच्या रोपांवर सट्टा चालला, भाव आभाळाला भिडले आणि 1839 मध्ये सगळा बाजार कोसळला. रेशीम गेलं, तुती राहिली. आता ती रस्त्याकडेला तणासारखी उगवते, आणि तिची फळं गाड्यांवर पडून डाग पडतात म्हणून लोक तिला शिव्या घालतात. मी मात्र पिशवी घेऊन फिरते. औषध फवारलेलं झाड नको, एवढंच बघते. एका पानावरच्या फवाऱ्याने सगळा डबा आडवा होऊ शकतो. आणि एकदा पाला सुरू केला की पुन्हा त्या पिठाकडे अळ्या सहसा ढुंकून बघत नाहीत. म्हणून झाडाला पालवी फुटेपर्यंत अंडी फ्रिजमध्येच. श्रीखंडामागे!

आता मावशीच्या पापाकडे वळते.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. त्यांनी डबा पाहिला, अळ्या पाहिल्या, आणि टिल्लूने एक गट्ट केलेली पाहिली. दोन दिवस त्या त्या खोलीत गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळी पूजेला बसताना त्या रेशमी सोवळं नेसल्या. लेकीने सहज विचारलं, "आजी, हे कशाचं?" आजी म्हणाल्या, "रेशमाचं. सोवळ्यात रेशीम चालतं, शुद्ध असतं." लेक हातातल्या डब्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे यांचं?"

खरं सांगते, मला त्या क्षणी पोरीचा राग आला. म्हाताऱ्या माणसाला असं कोंडीत पकडू नये. पण आई रागावल्या नाहीत. पूजा झाल्यावर त्यांनी भावजींना फोन लावला आणि सरळ विचारलं, "अरे, त्या कोषातला किडा मरतो का रे?" भावजी म्हणाले, "आत्या, मी नाही मारत. मी विकतो. पुढं ते वाफेवर धरतात, नाहीतर गरम हवेत सुकवतात. पतंग भोक पाडून बाहेर आला तर धागा तुटतो ना." आई बराच वेळ फोन हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "मीपण मारत नाही. मी नेसते."

भावजी विकतात, आई नेसतात, मी दुकानातून डबी आणते. मारणारा नेहमी मधल्या कुठल्यातरी घरात असतो, आणि ते घर आपलं नसतं. माझ्या कपाटातल्या पैठणीचा मी हिशेब मांडून पाहिला. एक किलो रेशीम काढायला सहा-सात किलो ओले कोष लागतात. एक कोष दीड-दोन ग्रॅमचा. म्हणजे किलोला साडेतीन-चार हजार कोष. माझ्या साडीत अर्धा किलो रेशीम धरलं तरी दोन हजारांच्या आसपास जीव झाले. टिल्लूला आम्ही एका खेपेत दोनशे अळ्या वाढवतो. म्हणजे लग्नात एकदा आणि नंतर चार वेळा नेसलेली माझी एक साडी म्हणजे टिल्लूच्या दहा खेपा. आणि टिल्लूला त्यातून हाडं मिळतात. मला फोटो मिळाले.

याचा अर्थ पैठण्या जाळा असं मी म्हणत नाहीये. येवल्याच्या मागावर बसलेल्या माणसाचं पोट आणि भावजींचं एकर याच धाग्याला बांधलेलं आहे. पतंग बाहेर पडू देऊन मग सूत काढायची पद्धतही आहे. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी "अहिंसा सिल्क" नावाने ती रुजवली. पण ते कापड महाग, वेगळ्या पोताचं, आणि ते नेसणारे अजून थोडेच. मुद्दा एवढाच की माझी पैठणी शुद्ध आणि लेकीचा डबा पाप, हा हिशेब जमत नाही. दोन्हीकडे तोच किडा आहे.

दुसरं एक मत बऱ्याच जणांनी ऐकवलं. "एवढं वाटतं तर सोडून द्या ना बागेत." हे ऐकायला दयाळू वाटतं, पण ही दया नव्हे. माणसाने हजारो वर्षं पाळून हा किडा असा करून ठेवलाय की त्याचं रान उरलेलंच नाही. अळी पानासाठी फारशी हिंडतसुद्धा नाही, समोर टाकलं तर खाते. कोषातून निघालेल्या पतंगाला पंख असतात, पण उडता येत नाही. तोंड असून खाता येत नाही. काही दिवस जगतो, जोडीदार शोधतो, मादी तीनशे-चारशे अंडी घालते आणि संपते. बागेत सोडलेल्या अळीला मुंग्या खातील. फरक एवढाच की ते आपल्याला दिसणार नाही. पुन्हा तेच, डोळे बारीक करून डबी उलटी करायची.

लेकीने यावर स्वतःचा एक नियम काढलाय. प्रत्येक खेपेतल्या दहा अळ्या टिल्लूला द्यायच्या नाहीत. त्या तिच्या. ती त्यांना अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कोष करू देते (भावजींकडे यासाठी चंद्रिका असतात, आमची ही गरिबाची चंद्रिका), दोन-अडीच आठवड्यांनी पतंग निघतात, कागदावर अंडी पडतात. आधी पिवळी, मग फलित असतील ती करडी होतात. कागद डबीत, डबी फ्रिजमध्ये. आता आम्ही अंडी विकत आणत नाही. बाकीच्या अळ्या ती स्वतः चिमट्याने टिल्लूला देते. एकेक. टिल्लूच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठी अळी द्यायची नाही, हे मोजून. आणि ती दुसऱ्या खोलीत जात नाही. वहीत आकडा लिहिते. पहिल्या वर्षी ती दोनदा रडली. मी तिला "त्यात काय एवढं" म्हटलं नाही आणि "नको देऊस" असंही म्हटलं नाही. रडून झाल्यावर तिने दिली. माझ्या मते तिला जे शिकायचं होतं ते ती त्या दोन दिवसांत शिकली, आणि मी चाळिशीत तिच्याकडून.

आता माझ्याच मतातला कच्चा दुवा. "आम्ही बघून मारतो" म्हणजे मारणं चांगलं ठरत नाही. बघितल्याने अळीला काही फरक पडत नाही, हे मला कळतं. फरक आपल्याला पडतो. बघणारा माणूस उगाच जास्त वाढवत नाही, वाया घालवत नाही, आणि दुसरा सरडा आणताना दहा वेळा विचार करतो. आमचं ठरलंय, टिल्लूनंतर दुसरा नाही. तो इथेच पिंजऱ्यात जन्मलेला. ऑस्ट्रेलियातून हे प्राणी बाहेर पाठवायला कित्येक दशकांपासून बंदी आहे. त्याला परत कुठे पाठवता येणार नाही. दहाएक वर्षं जगेल, तेवढी त्याची सोय आम्ही करू. पण वाळवंटातला जीव चार फुटांच्या काचेत ठेवावा का, याचं उत्तर माझ्याकडे "हो" असं नाहीये.

म्हणूनच पुण्याच्या भाच्याला इथे जाहीर उत्तर देते, कारण तो तीन महिने मागे लागलाय. अरे बाबा, आपल्याकडचा शॅमेलिऑन, घोरपड, तारा कासव यांना हात लावायचा नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहेत. परदेशी सरडा घ्यायचा तर त्यांतल्या कित्येक जातींची सरकारदरबारी नोंदणी लागते. आणि ते सगळं झालं तरी माझी अट आहेच. आधी एका खेपेच्या अळ्या वाढवून दाखव. बीडला जा, भावजींकडे महिनाभर राहा, पाला कापून दे. नंतर मला फोन कर.

मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं लांबलं बघ. पाप आहे की नाही, ते तू ठरव. आई मात्र जाताना एक गोष्ट करून गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्या लेकीबरोबर तुतीच्या झाडाशी जायला लागल्या होत्या. पानं पुसून कोरडी करायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. सोवळं अजून तेच नेसतात. पण निघायच्या दिवशी पूजा झाल्यावर त्या डब्यापाशी आल्या, आणि देवासमोर करतात तसा नमस्कार करून बॅग उचलली.

असो. बाहेर पाऊस थांबलाय, पानं वाळेपर्यंत थांबावं लागेल. खाली एकशे साठ तोंडं वाट बघताहेत.